योहान 21 मधलं 'अगापाओ' आणि 'फिलेओ': दोन वेगळी प्रेमं की एकच?

प्रश्न थोडक्यात असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस का. ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळा येशूच्या तोंडी 'अगापाओ' हे क्रियापद आहे, पेत्र तिन्ही वेळा 'फिलेओ' वापरून उत्तर देतो, आणि तिसऱ्या वेळी येशूपण फिलेओच म्हणतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी उपदेशात ऐकलंय की अगापे (अगापाओचं नाम) म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि फिलिया (फिलेओचं नाम) म्हणजे आपली साधी मैत्री, पेत्राला अगापे म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून शेवटी येशूच त्याच्या पायरीवर खाली आला. हे खरंच ग्रीकमध्ये आहे का, आणि ज्याला ग्रीक येत नाही त्यानं शब्दाचा मूळ अर्थ शोधायचा तरी कसा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, ग्रीकमध्ये ते नाहीये. मी वीसेक वर्षं नव्या कराराचं ग्रीक शिकवतोय, दर बॅचमध्ये हा प्रश्न येतोच, आणि सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा वर्गात हेच सांगायचो कारण मला ते तसंच शिकवलं गेलं होतं. मग एकदा एका विद्यार्थिनीनं सरळ विचारलं, सर, फिलेओ म्हणजे मैत्रीचं प्रेम ना, मग यहूदानं गेथशेमाने बागेत काय केलं? मला कळेना ती काय म्हणतेय, म्हणून पुस्तक उघडलं. मार्क 14:44 मध्ये येशूला पकडून देणारा यहूदा शिपायांना खूण सांगतो, मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो, आणि तिथं 'चुंबन घेईन' याला क्रियापद आहे फिलेओ. त्या दिवसापासून मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि आज जे लिहितोय ते त्यातूनच आलंय.

आधी तोच उतारा जवळून बघू. योहान 21:15 ते 17 या तीन ओळींत फक्त प्रेमाचाच शब्द बदलत नाही. येशू एकदा म्हणतो माझी कोकरं (आर्निया), नंतर म्हणतो माझी मेंढरं (प्रोबाता). एकदा म्हणतो त्यांना चारा घाल (बोस्के), एकदा म्हणतो राख (पोइमाइने), परत म्हणतो चारा घाल. पेत्र दोनदा म्हणतो तुम्हाला माहीत आहे (ओइदास), तिसऱ्यांदा त्याच वाक्यात ओइदासही आहे आणि गिनोस्केइसही आहे, दोन्हीचा अर्थ जाणणं. म्हणजे चार जोड्या आहेत, चारही जोड्यांत शब्द फिरवलेत. आता जो माणूस म्हणतो की अगापाओ आणि फिलेओ यात खोल फरक आहे, त्यानं कोकरू आणि मेंढरू यातला गूढ फरकही सांगितला पाहिजे, आणि चारणं आणि राखणं यातलाही, पण ते कुणी सांगत नाही, कारण तिथं सगळ्यांना कळतं की लेखक एकच शब्द पुन्हापुन्हा यायला नको म्हणून बदलतोय. मराठीत आपण हेच करतो ना. लेकीला आई विचारते, माया आहे ना गं माझ्यावर? लेक म्हणते, अगं जीव आहे माझा तुझ्यावर. आई असं म्हणत नाही की मी 'माया' विचारली आणि तू 'जीव' सांगितलास, उत्तर कमी पडलं.

आणि पेत्राचं उत्तर बघा कसं सुरू होतं. 'नाई, किरिए', म्हणजे होय, प्रभू. (ग्रीकमध्ये 'नाई' म्हणजे होय, आपल्या कानाला उलटं वाटतं, पण ते होकाराचं आहे.) ज्याला विचारलंय त्यापेक्षा कमी द्यायचंय तो 'होय' म्हणून सुरुवात करत नाही. शिवाय 17 व्या ओळीत योहान लिहितो की येशूनं 'तिसऱ्यांदा' फिलेइस मे (माझ्यावर प्रेम करतोस का) असं विचारलं म्हणून पेत्राला वाईट वाटलं. लेखकाच्या लेखी तो तिसऱ्यांदा विचारलेला तोच प्रश्न आहे, पहिल्यांदा विचारलेला नवा प्रश्न नाही. पेत्र दुखावला तो तीन या आकड्यामुळे, आणि तीन का टोचतं ते शेवटी सांगतो.

आता याच पुस्तकात हे दोन शब्द बाकी कुठं कसे आलेत ते बघितलं की उरलासुरला संशय जातो. 3:35 मध्ये पिता पुत्रावर प्रेम करतो, क्रियापद अगापाओ. 5:20 मध्ये पिता पुत्रावर प्रेम करतो, क्रियापद फिलेओ. आता पित्याचं पुत्रावरचं प्रेम दोन अध्यायांत दर्जानं घसरलं असं कोण म्हणेल? लाजर आजारी पडतो तेव्हा बहिणी निरोप पाठवतात, ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे तो आजारी आहे, 11:3, फिलेओ. लगेच 11:5 मध्ये येशूचं मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर प्रेम होतं, अगापाओ. येशूचा तो लाडका शिष्य, 13:23 मध्ये अगापाओ, 20:2 मध्ये फिलेओ, माणूस तोच. 16:27 मध्ये पिता स्वतः तुमच्यावर प्रेम करतो, तिथं फिलेओ, म्हणजे देवाचं प्रेम आणि शब्द तथाकथित मैत्रीचा. उलट बाजूनं 3:19 मध्ये माणसांनी प्रकाशापेक्षा अंधारावर प्रेम केलं, अगापाओ, आणि 12:43 मध्ये त्यांना देवाच्या गौरवापेक्षा माणसांकडून मिळणारं गौरव जास्त प्रिय होतं, तिथंही अगापाओ. पौलाला सोडून गेलेला देमास, त्याला हे युग प्रिय झालं (2 तीमथ्य 4:10), अगापाओ. परूशी या कर्मठ पंथातल्या लोकांना सभास्थानात पुढची खुर्ची आवडते, लूक 11:43 मध्ये अगापाओ आणि मत्तय 23:6 मध्ये त्याच जातीच्या वाक्यात फिलेओ. पुढच्या खुर्चीवरचं प्रेम निःस्वार्थ आणि ईश्वरी कसं असेल?

यापेक्षा जड उदाहरण जुन्या करारात आहे. नव्या कराराचे लेखक बहुतेक वेळा जो जुना करार वाचत होते तो ग्रीक होता, इसवी सनाआधी 3 ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात त्याचं भाषांतर सुरू झालं, त्याला सत्तरी किंवा सेप्टुअजिंट म्हणतात. त्यात 2 शमुवेल 13 उघडा. अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, डोळा ठेवतो, आजारी असल्याचं सोंग करतो, तिला खोलीत बोलावून तिच्यावर बळजबरी करतो, आणि मग लिहिलंय की ज्या प्रेमानं त्यानं तिच्यावर प्रेम केलं त्यापेक्षा त्याला आता तिचा जास्त तिटकारा आला. त्या वाक्यात नाम आहे अगापे आणि क्रियापद आहे अगापाओ. मी हा उतारा वर्गात वाचून दाखवतो तेव्हा वर्ग गप्प होतो. आणि गीतरत्नात तोच शब्द प्रियकर-प्रेयसीच्या ओढीला आहे, मृत्यूसारखं बळकट ते प्रेम, तेही अगापेच. म्हणजे शब्द स्वतः पवित्र नाही आणि अपवित्रही नाही, तो प्रेमाचा शब्द आहे, कोण कुणावर कसलं प्रेम करतंय ते वाक्य सांगतं.

मग प्रश्न येतो की नव्या करारात अगापाओ एवढं जास्त का आणि फिलेओ कमी का. याचं एक कारण भाषेतच आहे. फिलेओ हे जुनं क्रियापद, पण त्याला काळाच्या ओघात 'चुंबन घेणं' हा अर्थ चिकटत गेला, आणि एखाद्या शब्दाला असा दुसरा अर्थ चिकटला की लोक रोजच्या बोलण्यात गैरसमज टाळायला दुसरा शब्द उचलतात, तसं अगापाओ पुढे आलं. हे येशूच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, चर्चनं घडवलेलं नाही. आजच्या ग्रीसमध्ये 'फिलो' म्हणजे चुंबन घेतो, आणि 'अगापो' म्हणजे प्रेम करतो, ही वाट तिथंच संपली. फरक अगदी शून्य आहे असं मी म्हणत नाही हं. 'शेजाऱ्यावर प्रेम कर', 'तुझा देव परमेश्वर याच्यावर प्रेम कर' अशा आज्ञा येतात तिथं अगापाओच येतं, कारण त्या आज्ञा ग्रीक जुन्या करारातून उचलल्यात आणि तिथं तोच शब्द होता. आणि चुंबनाला फिलेओच. पण मधलं मोठं आवार दोघांचं सामाईक आहे आणि योहान 21 त्या आवारात आहे.

बरं, मैत्री ही योहानाच्या लेखी खालची पायरी होती का? 15:13 वाचा. आपल्या मित्रांसाठी प्राण द्यावा यापेक्षा मोठं प्रेम कुणाचं नाही. 'प्रेम' इथं अगापे आणि 'मित्र' इथं फिलोस, फिलेओचा सख्खा भाऊ. एकाच वाक्यात दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि मित्रासाठीचं प्रेम ही सगळ्यात वरची पायरी सांगितलीय. पेत्राला तीनदा विचारून झाल्यावर लगेच 21:18 मध्ये येशू त्याला त्याच्या मरणाबद्दल सांगतो. म्हणजे तो मित्रासाठी जीव देणाराच माणूस होणार होता. त्याचं फिलेओ कमी पडलं असं म्हणणं हा पेत्रावर अन्याय आहे, मला मनापासून तसं वाटतं.

ही कल्पना आली कुठून? 4 थ्या शतकाच्या शेवटी जेरोम या ख्रिस्ती पंडितानं बायबलचं लॅटिनमध्ये भाषांतर केलं तेव्हा त्यानं दोन क्रियापदांना दोन वेगळे लॅटिन शब्द वापरले, दिलिगो आणि आमो. पण काही दशकांनी ऑगस्टीन या बिशपनं नेमका हाच उतारा घेऊन लिहिलं की बघा, प्रभू दोनदा एक शब्द वापरतो आणि तिसऱ्यांदा दुसरा, म्हणजे शास्त्रात या शब्दांचा अर्थ एकच. फरकावर भर देणारे लोक मोठ्या प्रमाणात 19 व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दिसतात, ट्रेंच आणि वेस्टकॉट ही त्यातली मोठी नावं, आणि 1930 च्या दशकात अँडर्स नीग्रेन या स्वीडिश धर्मपंडितानं अगापे आणि एरोस (ओढीचं, इच्छेचं प्रेम) यांना समोरासमोर उभं केलं. त्यानंतर 'ग्रीकमध्ये प्रेमाला चार शब्द' हे सगळीकडे पसरलं, आज व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरतं. त्या चारातले दोन, एरोस आणि स्तोर्गे (घरच्यांची माया), नव्या करारात एकदाही येत नाहीत, आणि फिलिया हे नाम फक्त एकदा येतं, याकोब 4:4 मध्ये, तेही जगाशी मैत्री म्हणजे देवाशी वैर या वाक्यात.

कुणी म्हणेल, मग अगापे हा खास शब्दच नाही का, 1 करिंथ 13 चं काय? अहो, तो अध्याय तर याचाच पुरावा आहे. अगापे म्हटलं की निःस्वार्थ प्रेम हे वाचकाला आपोआप कळत असतं तर पौलाला प्रेम सहनशील आहे, हेवा करत नाही, फुशारकी मारत नाही, चिडत नाही, अपकार मोजत बसत नाही, असं ओळीनं सांगावं का लागलं असतं? शब्द साधाच होता. त्याला वजन दिलं ते त्या वाक्यांनी, आणि त्या वाक्यांमागच्या क्रूसानं. मराठीत 'देव प्रीती आहे' हे वाक्य आपल्या मनात बसलंय, त्यात 'प्रीती' हा शब्द बालगंधर्वांच्या नाटकातला असला काय आणि भजनातला असला काय, 'देव' शेजारी बसला की तो उजळतो. तसंच आहे हे.

आता दुसरा भाग, मूळ अर्थ शोधण्याचा. इथं 'मूळ' या शब्दानंच घात होतो. आपण समजतो की शब्द फोडला, धातू सापडला, की खरा अर्थ हातात आला. पण मराठी माणसाला हे चूक आहे ते एका मिनिटात पटतं. 'राग' हा संस्कृतात रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत राग म्हणजे संताप. 'शिक्षा' संस्कृतात शिक्षण, हिंदीतही शिक्षण, आणि मराठीत छडी. उद्या कुणी तुमच्या नवऱ्याच्या चिठ्ठीतलं 'मला तुझा राग आलाय' हे वाक्य फोडून सांगायला लागला की मुळात इथं प्रेम आहे, तर तुम्ही काय म्हणाल? ग्रीकचंही असंच. 'हामार्तिया' म्हणजे नेम चुकणं, हे प्रत्येक दुसऱ्या उपदेशात असतं. होमरच्या काव्यात भाला नेमाला लागत नाही तेव्हा ते क्रियापद येतं, अगदी बरोबर, पण होमर आणि पौल यांच्यामध्ये सात-आठशे वर्षं गेलीत. पौलाच्या वाचकाला हामार्तिया ऐकून धनुष्यबाण आठवत नव्हता, देवाविरुद्धचा अपराध आठवत होता. उलट 'नेम चुकला' म्हटल्यानं पाप फार हलकं होतं, जणू प्रयत्न चांगला होता पण थोडक्यात हुकलं. रोमकरांस पत्रात पाप राज्य करतं, गुलाम करून ठेवतं, मजुरी म्हणून मरण देतं, तिथं नेमबाजी कुठं बसते?

तसंच 'एक्लेसिया'. एक म्हणजे बाहेर, कालेओ म्हणजे बोलावणं, म्हणून जगातून बाहेर बोलावलेले ते चर्च, असं सांगतात. ऐकायला छान आहे. पण ग्रीक शहरात एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा, आणि प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसच्या नाट्यगृहात जो जमाव दोन तास 'इफिसकरांची अर्तमी थोर' म्हणून ओरडत होता, ज्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच माहीत नव्हतं, त्यालाही त्या पुस्तकाचा लेखक लूक एक्लेसियाच म्हणतो. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी यासाठी 'मंडळी' हा शब्द धरला, आणि मला तो कुठल्याही भाषेतल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो. मंडळी म्हणजे जमलेली माणसं, लग्नाची मंडळी, नाटकाची मंडळी, घरची मंडळी, आणि देवाची मंडळी. कसली मंडळी ते पुढचा शब्द सांगतो. ग्रीकमध्येही अगदी तसंच होतं.

मग अर्थ शोधायचा कुठं? वापरात. आणि इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. दीडशे वर्षांपूर्वी अनेक विद्वानांना वाटायचं की नव्या कराराचं ग्रीक हे खास पवित्र आत्म्याचं ग्रीक आहे, कारण अभिजात ग्रीक लेखकांशी ते जुळत नव्हतं. मग इजिप्तच्या वाळूत पपायरस (लव्हाळ्यापासून केलेले जुने कागद) सापडायला लागले, 1896-97 च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी ऑक्सिऱ्हिंकस गावाचे जुने उकिरडे खणायला सुरुवात केली, आणि त्यातून निघाली साध्या लोकांची पत्रं, करारनामे, तक्रारअर्ज, वाणसामानाच्या याद्या. जर्मनीत आडोल्फ डाइसमान यांनी अशी कागदपत्रं नव्या कराराशेजारी ठेवली तर भाषा तीच निघाली. बाजारातली, घरातली, कचेरीतली भाषा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मत्तय 6 मधलं आहे. लोकांनी बघावं म्हणून दानधर्म करणारे, चौकात उभं राहून प्रार्थना करणारे, तोंड उतरवून उपास करणारे, या तिघांबद्दल येशू तेच वाक्य तीनदा म्हणतो, 'आपेखुसिन तोन मिस्थोन आउतोन', त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळालं आहे. भाषांतरात हे जरा सपाट वाटतं. पण आपेखो हा शब्द पावत्यांवर सापडला, पपायरसवर आणि खापराच्या तुकड्यांवर, कर भरला, भाडं दिलं, की घेणारा लिहून देतो 'आपेखो', म्हणजे सगळी रक्कम पोचली, आता येणं काही नाही. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे, भरून पावलो. लोकांनी वाहवा केली ना, झालं तर, भरून पावलास, पावती फाडली, देवाच्या वहीत तुझ्या नावावर आता काही जमा नाही. हे कळल्यावर ती तीन वाक्यं कशी कानात वाजतात बघा.

असाच 'आर्राबोन'. पवित्र आत्मा आपल्याला आर्राबोन म्हणून दिलाय असं पौल लिहितो (2 करिंथ 1:22). हा मुळात सेमिटिक भाषांतून व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकमध्ये आलेला व्यवहाराचा शब्द, सौदा पक्का करताना आधी दिलेली रक्कम. मराठी बायबलात तिथं 'विसार' आहे, आणि ज्यानं जमिनीचा व्यवहार केलाय त्याला वेगळं समजवावं लागत नाही. विसार म्हणजे हमी, आणि विसार म्हणजे त्याच पैशातला पहिला हिस्सा. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता, आणि मूळ ग्रीकचा पोत तसाच घरगुती आहे, तेव्हा त्यांची दिशा बरोबर होती.

कधीकधी मात्र वापर हातातच येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे'. त्यातल्या 'रोजची' मागे जो ग्रीक शब्द आहे तो 'एपिउसिओस', मत्तय 6:11 आणि लूक 11:3, आणि त्यांच्याआधी तो कुठंच नाही. 3 ऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन, ज्याची मातृभाषा ग्रीक होती, तो लिहितो की हा शब्द विद्वान वापरत नाहीत आणि साधी माणसंही वापरत नाहीत, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. जेरोमनं तर एकाच शब्दाचं मत्तयात 'अस्तित्वापलीकडची' असं काहीतरी केलं आणि लुकात 'रोजची'. 19 व्या शतकाच्या शेवटी इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसवर, घरखर्चाच्या यादीत, तो शब्द सापडला असं छापून आलं, मग तो तुकडा गहाळ झाला, आणि विद्वान पुढे शंभर वर्षं त्या एका यादीचा दाखला देत राहिले. 1998 मध्ये तो येल विद्यापीठाच्या संग्रहात परत सापडला, नीट वाचला, तर तिथं लिहिलं होतं 'एलाइउ', म्हणजे तेल! अशा शब्दाला फोडूनच बघावं लागतं, दुसरा इलाज नाही, आणि फोडलं तर 'येणाऱ्या दिवसाची' हा अर्थ मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण 'एपिउसा' म्हणजे दुसरा दिवस हे प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये साधं रोजचं ग्रीक म्हणून आलंय. रात्री झोपताना उद्याच्या भाकरीची काळजी ज्याला असते, त्या हातावर पोट असलेल्या माणसाची ही प्रार्थना आहे असं मी समजतो.

आणि काही वेळा लेखक मुद्दाम दोन अर्थांवर उभा राहतो, तेही वाक्यातूनच कळतं. योहान 3:8 मध्ये 'न्युमा' म्हणजे वाराही आणि आत्माही. वारा पाहिजे तिकडे वाहतो, तुला त्याचा आवाज येतो, पण कुठून आला आणि कुठं चालला ते कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे. मी हे शिकवताना गावाकडच्या मुलांना सांगतो की आपण 'बाईच्या अंगात वारं आलं' म्हणतो ना, त्या वाऱ्याला जसं दोन्ही अंगं आहेत, हवेचंही आणि अंगात येणाऱ्या शक्तीचंही, तसं निकदेमाच्या, म्हणजे ज्याच्याशी येशू तिथं बोलतोय त्याच्या, कानावर ते पडलं. भाषांतरात मी हा शब्द वापरणार नाही, त्याला आपल्याकडे वेगळे संदर्भ चिकटलेत, पण कानाला ती जोड कळायला याहून जवळचं काही मला सापडलेलं नाही.

तर ताई, तुम्ही घरबसल्या काय करू शकता. बहुतेक बायबल ॲपमध्ये शब्दावर दाबलं की स्ट्राँगचा नंबर येतो, अगापाओचा 25, फिलेओचा 5368. तो नंबर सोन्यासारखा आहे, पण त्याखाली दिलेली दोन ओळींची अर्थाची चिठ्ठी आहे ना, तिथं थांबू नका. जेम्स स्ट्राँग यांनी 1890 मध्ये ती सूची इंग्रजी बायबलातले शब्द शोधायला बनवली होती, त्या चिठ्ठीतला कुठलाही अर्थ कुठल्याही ओळीत टाकता येत नाही, आणि सगळे अर्थ एकदम तर नाहीच नाही. नंबरवरून तो शब्द जिथं जिथं आलाय त्या सगळ्या ओळी काढा, आधी त्याच पुस्तकातल्या, मग त्याच लेखकाच्या, मग बाकीच्या, आणि मराठीतच वाचा, ग्रीक नाही आलं तरी चालेल. मी वर अगापाओ-फिलेओचं जे केलं ते याहून वेगळं काही नव्हतं. एक दुपार लागते. आणि कुणी म्हणालं की या एका ग्रीक शब्दामुळे पूर्ण ओळीचा अर्थ बदलतो आणि आजवर कुणाला कळलंच नव्हतं, तर त्या माणसाला बाकीच्या ओळी दाखवायला सांगा.

शेवटी पुन्हा त्या किनाऱ्यावर येतो, कारण मला खरं दुःख याचं आहे की अगापे-फिलिया करता करता त्या अध्यायात जे ग्रीक शब्द खरोखर बोलतात तेच सुटून जातात. 21:5 मध्ये येशू नावेतल्या लोकांना हाक मारून विचारतो, पोरांनो, 'प्रोस्फागिओन' आहे का काही? म्हणजे भाकरीबरोबर खायचं काही, आपल्या भाषेत कोरड्यास, कालवण. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातानं आलेल्या कोळ्यांना विचारायचा हा किती साधा प्रश्न आहे. मग विस्तवावर जो मासा आहे त्याला 'ओप्सारिओन' म्हटलंय, तेही तोंडी लावायचंच, योहानानं पाच हजारांच्या जेवणात त्या मुलाच्या दोन मासळ्यांना वापरलेला तोच शब्द.

आणि तो विस्तव. 21:9 मध्ये 'आन्थ्राकिया', कोळशाचा विस्तव. नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो, दोन्ही वेळा योहानात. दुसरी जागा 18:18. रात्रीची वेळ, थंडी पडलेली, महायाजकाच्या वाड्यात चाकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव करून शेकत उभे आहेत, पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकतोय, आणि त्याच रात्री तो म्हणतो, मी त्या येशूचा शिष्य नाही. तीनदा. आता पहाट झालीय, पेत्र नावेतून पाण्यात उडी टाकून आलाय, समोर निखारे आहेत, तोच वास, आणि भाकर आणि मासा. जेवण होऊ देतो येशू आधी. मग विचारतो, पेत्र म्हणून नाही, जुन्या नावानं, योहानाच्या मुला शिमोना, माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा. दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा.